गुरुवारची सुट्टी

संत तुकाराम नगर, पिंपरी
गुरुवार, ६ नोव्हेंबर २०२५

प्रिय प्रितम,

सप्रेम जय भीम. मिनलचा गुडघा आता कसा आहे? आयुषची परीक्षा आटोपली असेल. आम्ही दोघं ठीक आहोत.

पत्र पाहून नवल वाटेल. फोनवर मला 'सगळं ठीक आहे' म्हणायची सवय लागली आहे. तू विचारायच्या आत मी म्हणून टाकते. शिवाय तू फोन स्पीकरवर ठेवतोस आणि इथे अण्णा शेजारीच असतात. केंद्रातल्या साधनाताई म्हणाल्या, भावाला लिहून बघा. म्हणून बसले आहे.

केंद्राबद्दल तुला अर्धवटच सांगितलं होतं. सांगवीत एका बंगल्याच्या तळमजल्यावर आहे. थकलेल्या, विसरायला लागलेल्या माणसांना सकाळी गाडीने नेतात, दिवसभर सांभाळतात, संध्याकाळी घरी सोडतात. बावीस जण आहेत. अण्णा जूनपासून जातात. त्यामुळेच मला शाळेत पुन्हा रुजू होता आलं. आठवी-नववीला मराठी शिकवते. साडेपाचला घरी येते, सहाला अण्णा येतात. मधल्या अर्ध्या तासात मी काही करत नाही. खुर्चीवर बसते.

तू त्यांना तीन वर्षांत पाहिलेलं नाहीस. आईच्या पुण्यानुमोदनाला चारचौघांत ते तुला 'माझ्या दारात पाय ठेवू नकोस' म्हणाले, ते आता त्यांना आठवत नाही. तू आठवतोस, पण सहा-सात वर्षांचा. मला ते मॅडम म्हणतात. कंपनीच्या ऑफिसातली कुणी बाई समजतात बहुतेक. 'कस्तुरा कुठे आहे?' असं रोज विचारतात. आधी मी खरं सांगायचे. रोज त्यांना ते नव्याने कळायचं. आता मी आई गावाला गेली आहे म्हणते.

केंद्रात जायला ते तयारच नव्हते. मग एका सकाळी मी म्हणाले, "अण्णा, कंपनीची बस येईल." एवढंच. उठले, आंघोळ केली, दाढीला गरम पाणी मागितलं. कपाटातून जुनं ओळखपत्र काढून गळ्यात घातलं. चौतीस वर्षं प्रेस शॉपला काढलेला माणूस. ती कंपनी बंद होऊन अकरा वर्षं झाली, तिथे आता बावीस मजली इमारती आहेत, हे मी सांगितलं नाही. डबा भरून दिला. केंद्राची गाडी चौकातल्या स्टॉपवर पावणेआठला येते. गाडीवर ज्योतीराम म्हणून आहे, त्याला मी आधीच सांगून ठेवलं होतं. तो म्हणाला, "चला जयसिंगराव, पंचिंग राहील." अण्णा चढले.

तिथे त्यांना नट-बोल्ट निवडायला देतात. साधनाताईंनी जुन्या बाजारातून पोतंभर आणले. समोर सोनबा म्हणून महाळुंग्याचे एक शेतकरी बसतात, आता लेकीकडे सांगवीत असतात. डोकं शाबूत, पाय गेलेत. मला म्हणाले, "पोरी, तुझा बाप लई कडक हाय. जरा डोळा लागला तर म्हनतो मेमो देतो." अण्णांना म्हणतात, "जयसिंगराव, जेवून झोपू देनारी कंपनी मी पयल्यांदाच बघतोय. आमच्या नातवाला बी चिकटवा की." अण्णा हसत नाहीत. "आयटीआय झालंय का त्याचं?" म्हणून विचारतात.

एक अडचण आहे. केंद्र रविवारी बंद असतं. आणि अण्णांच्या कंपनीची सुट्टी गुरुवारची.

तुला आठवत असेल, आपल्याकडे मटण गुरुवारी व्हायचं. आपण दोघं शाळेतून यायचो तेव्हा अण्णा लुंगीवर दारात बसलेले असायचे. त्यांचं सगळं गेलं, गुरुवार गेला नाही. कॅलेंडर न बघता त्यांना तो कळतो. त्या दिवशी गाडीत बसत नाहीत. ज्योतीरामने एकदा सांगून पाहिलं, "बाबा, आज ओव्हरटाइम आहे, डबल पगार." अण्णा म्हणाले, "युनियनला विचारल्याशिवाय नाही." शेवटी ज्योतीराम त्यांना न घेताच गेला.

म्हणून गुरुवारी मी अर्धी रजा टाकते आणि सकाळी शेजारच्या शालनबाई बसतात. रजा संपत आली आहे. आणि रविवारी, मला सुट्टी असते त्या दिवशी, अण्णा कामावर जायला निघतात. आंघोळ, दाढी, ओळखपत्र, डबा. खाली जाऊन स्टॉपवर उभे राहतात. अडवलं तर हात चालतो. म्हणून जाऊ देते. आपल्या गॅलरीतून स्टॉप दिसतो. तासाभराने स्वतःच वर येतात. 'बस चुकली' म्हणतात आणि दिवसभर घरात येरझाऱ्या घालतात.

त्या वेळेला तिथे पांढऱ्या बस येतात, चाकणकडच्या कंपन्यांच्या. त्यांनाही गुरुवारची सुट्टी, रविवारी चालू. पोरं चढतात. अण्णा प्रत्येक बसची पाटी वाचतात आणि मागे सरतात. अजून वाचता येतं.

गेल्या रविवारी एका ड्रायव्हरने दार उघडं ठेवून विचारलं, "काय काका, येताय का?" चेष्टेने. अण्णांनी एक पाय पायरीवर ठेवला. बस थांबून राहिली. मग त्यांनी पाय काढून घेतला. मी गॅलरीत होते. हाक मारणारच होते, पण त्यांनीच काढून घेतला.

बाकी विशेष नाही. थंडी पडायला लागली आहे. मिनलला गुडघ्याला पट्टा बांधायला सांग.

तुझी ताई,
भाग्यश्री

*

संत तुकाराम नगर, पिंपरी
मंगळवार, १८ नोव्हेंबर २०२५

प्रिय प्रितम,

सप्रेम जय भीम.

काल फोनवर तू खूप बोललास. मला नीट उत्तरं देता आली नाहीत. अण्णांना ताप होता. आता उतरला आहे. पायाचे फोड डॉक्टरांनी बांधून दिले आहेत. आठवडाभर केंद्रात पाठवू नका म्हणाले, पण मी उद्या पाठवणार आहे.

झालं ते असं. रविवारी अण्णा नेहमीप्रमाणे खाली गेले. मी न्हाणीघरात होते. बाहेर आले तेव्हा स्टॉपवर कुणी नव्हतं.

नंतर चौकशीत एकेक कळलं. ते महाळुंग्याकडे जाणाऱ्या बसमध्ये चढले. आतल्या पोरांच्या कानांत ते इअरफोन. एकाने "बसा काका" म्हणून जागा दिली. गळ्यात ओळखपत्र, हातात डबा. कुणाला काही वेगळं वाटलं नाही. कंपनीच्या गेटवर चेहरा दाखवायचं मशीन आहे. मशीनने चेहरा घेतला नाही. सिक्युरिटीवाला म्हणाला, "काका, बाजूला व्हा, कॉन्ट्रॅक्टरला फोन लावा." मागे रांग होती. अण्णा बाजूला झाले.

मग ते चालत राहिले. तो रस्ता तू पाहिला आहेस, नाशिकहून येताना. कंटेनर अंगावरून जातात. कडेने चालायला जागा नाही. एका गेटवरून दुसऱ्या गेटवर असे ते फिरले असावेत. डबा उघडलेला नव्हता.

साडेपाचला एका कंपनीच्या माल उतरवायच्या गेटवर सापडले. तिथल्या पहारेकऱ्याने केबिनमध्ये बसवून घेतलं आणि फोटो त्यांच्या ग्रुपवर टाकला. तो फिरत फिरत ज्योतीरामला पोचला. त्याचा मेहुणा तिकडेच ड्युटीला असतो. खिशात फोन नंबर असता तर दुपारीच कळलं असतं, असं पहारेकरी म्हणाला. केंद्राने नाव-नंबराची पट्टी दिलेली आहे, ती गळ्यात असते. त्या दिवशी नव्हती. मी धुवायला काढली होती.

मी पोचले तेव्हा ते टेबलाशी बसले होते. दोन्ही तळवे टेबलावर पसरलेले, एकमेकांपासून हातभर अंतरावर. पहारेकरी म्हणाला, "मॅडम, चार वेळा चहा आणला. हात उचलेनात." त्याला समजणार नाही. पत्रा दाबायच्या प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी दाबल्याशिवाय वरचा भाग खाली येत नाही, म्हणजे हात मध्ये सापडत नाही. अण्णांनी हात बटणांवर ठेवले होते. सुरक्षित राहायची एवढीच रीत त्यांना ठाऊक.

मला पाहून म्हणाले, "मॅडम, लेट मार्क लावू नका. गेट सापडत नव्हतं."

पँट ओली होती. ज्योतीरामने मागच्या सीटवर त्याची चादर अंथरली.

काल तू विचारलंस, बस आठ वाजून दहा मिनिटांची, मग तू पोलिसांत एक वाजता का गेलीस? मी म्हणाले, आधी आजूबाजूला शोधलं. तू म्हणालास, पाच तास? मी म्हणाले, हो. मग तूच म्हणालास, जाऊ दे ताई, तू एकटी किती करशील. रविवारी दाराला आतून कुलूप लाव. तू आहेस म्हणून मी निश्चिंत आहे.

केंद्रात महिन्यातून एकदा आम्हा सांभाळणाऱ्यांची बैठक असते. चहा, बिस्किटं, आणि ज्याला बोलायचं त्याने बोलायचं. चिमाजी म्हणून एक गृहस्थ यायचे. त्यांची बायको सुभद्राबाई केंद्रात होती. ऑगस्टमध्ये ती न्हाणीघरात पडली आणि गेली. त्यानंतरही चिमाजी एका बैठकीला आले. म्हणाले, "पडली. मी बाहेरच्या खोलीत होतो." आम्ही माना हलवल्या. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "बाहेरच्या खोलीत होतो मी. टीव्ही चालू होता." निघताना चपला घालताना परत तेच. सगळे खाली बघत होते. साधनाताईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला तर ते दचकले.

मला तेव्हा वाटलं, बिचारा. किती लागलं आहे त्याच्या मनाला.

कुलूप आणते.

तुझी ताई,
भाग्यश्री

*

संत तुकाराम नगर, पिंपरी
बुधवार, २६ नोव्हेंबर २०२५

प्रितम,

जय भीम. हे पत्र स्पीड पोस्टाने पाठवते आहे. शुक्रवारी तुझ्या हातात पडेल. एकटा असताना वाच.

आज संविधान दिन. मैदानावर उद्देशिका म्हणून घेतली. मुलं मोठ्याने म्हणत होती. मी पुढे उभी राहून ओठ हलवत होते. मुख्याध्यापिका नंतर म्हणाल्या, "मॅडम, तुमच्या वडिलांचं ऐकलं. तुमच्यासारखी मुलगी सगळ्यांना मिळो." मी थँक्यू म्हणाले.

रविवारी कुलूप लावलं होतं. किल्ली माझ्या मुठीत. अण्णा पाच वाजल्यापासून तयार. साडेसातला दार ओढून पाहिलं. मग ठोठावलं. मग लाथा. "गेट उघडा" म्हणून ओरडत होते. "टाळेबंदी केली का? युनियनला कळवलं का?" मी धरायला गेले तर कोपर माझ्या तोंडावर बसलं. ओठ फुटला. त्यात त्यांचा दोष नाही. जिन्यात माणसं जमली. खालच्या मजल्यावरून कुणीतरी म्हणालं, "म्हाताऱ्याला कोंडून ठेवते, आणि म्हणे मास्तरीण."

आठ वाजून पाच मिनिटांनी मी किल्ली कुलपात घातली.

बाहेर माणसं होती म्हणून नव्हे. अण्णांना त्रास होत होता म्हणूनही नव्हे. बस आठ-दहाला येते म्हणून.

शालनबाईंनी बाहेरून बेल वाजवली. "भाग्यश्री, उघडू नको गं. मी बसते बाहेर पायरीवर, तू आत बस." त्यांना वाटलं मी घाबरले आहे. मी किल्ली काढून घेतली. साडेआठला अण्णा दाराशीच जमिनीवर बसले आणि बसल्या बसल्या झोपले.

आता त्याच्या आधीच्या रविवारचं लिहिते.

मी न्हाणीघरात नव्हते. गॅलरीत होते. बस आली, दार उघडलं, तोच ड्रायव्हर होता की दुसरा ते दिसलं नाही. अण्णांनी पाटी वाचली. मागे सरले नाहीत. वर आपल्या गॅलरीकडे बघितलं. मला ओळखून बघितलं की नुसतंच, सांगता येत नाही. मी कठडा धरून उभी होते. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. दुसरा मजला आहे, रविवारची सकाळ, रस्त्यावर आवाज नव्हता. पायरी उंच होती. डबा आधी आत ठेवला, मग दांडा धरून चढले. दोनदा प्रयत्न करावा लागला. तेवढा वेळ होता.

बस वळून दिसेनाशी झाली.

मी आत आले. गॅलरीचं दार लावलं. पडदा ओढला. अण्णांच्या पलंगावर आडवी झाले, कारण तो खिडकीपासून लांब आहे. आणि झोपले, प्रितम. साडेबारापर्यंत झोपले. मध्ये एकदाही जाग आली नाही. आई गेल्यापासून मी अशी झोपले नव्हते. उठले तेव्हा तोंडाला लाळ होती आणि भूक लागली होती. पोळी-भाजी खाल्ली. मग पोलिसांत गेले. तिथे रडले. ते रडणं खरं होतं.

पट्टीचं सांगते. ती मी मंगळवारी धुते, सुकायला बुधवार उजाडला तरी चालतं, तोवर शर्टाखाली दुसरी, जुनी घालते. त्या आठवड्यात मी दोन्ही शनिवारी काढल्या. का काढल्या, मला माहीत नाही. मळल्या होत्या हे खरं आहे. मी शनिवारी संध्याकाळपासून ते रविवारी सकाळपर्यंतचा वेळ पुन्हा पुन्हा आठवून पाहते. ठरवलं होतं असं कुठे सापडत नाही. नव्हतं ठरवलं असंही नाही.

चिमाजी न्हाणीघराबद्दल बोलत नव्हते, हे मला आता कळतं. ते बाहेरच्या खोलीबद्दल बोलत होते.

साधनाताईंना मी अर्धं सांगितलं. कुठलं अर्धं, ते तू ओळखशील. त्या म्हणाल्या, रविवारी घरात दुसरं माणूस हवं. शालनबाईंना विचारलं. या रविवारी त्या लेकीकडे आळंदीला जाणार आहेत. बाई लावायची म्हटलं तर अण्णा अनोळखी बाईला घरात टिकू देत नाहीत, दोघी पळून गेल्या. केंद्र रविवारी उघडायला माणसं मिळत नाहीत. सोनबांना काय कळलं कोण जाणे. परवा मी अण्णांना सोडायला गेले तेव्हा हळूच म्हणाले, "पोरी, तुजा भाऊ न्हाई का? बापाकडं मी बघतो हितं. तुज्याकडं कोन बघतंय?" मी हसले. ते हसले नाहीत.

तू कुलूप लाव म्हणालास. कुलूप अण्णांसाठी ठीक आहे. पण किल्ली माझ्याकडे असते.

मी वाईट वागत नाही. हे तुला सांगायला हवं, कारण तू आलास तर तुला काहीच दिसणार नाही. मी त्यांना वेळेवर औषध देते. नखं कापते. रात्री तीनदा उठून कपडे बदलते. त्यांनी मारलं तर उलटा हात उचलत नाही. काल त्यांनी माझ्या ओठाकडे बघून विचारलं, "मॅडम, मशीनवर लागलं का?" आणि स्वतःच्या रुमालाने पुसायला लागले. मी रडले नाही. घड्याळाकडे बघत होते. बुधवार यायला किती तास उरले, मग गुरुवार, शुक्रवार, असं मोजत होते. कशासाठी मोजते आहे, ते आज कळलं तेव्हा हे पत्र लिहायला घेतलं.

आईच्या वेळी तू हॉस्पिटलात उशिरा आलास म्हणून अण्णा तुला बोलले. मीही मनात बोलले होते. आज ते मागे घेते. उशीर कसा होतो ते मला समजलं आहे. माणूस कुठेतरी बसून असतो आणि वेळ जाऊ देतो.

नाशिकहून दुपारची गाडी धरलीस तर शनिवारी संध्याकाळी पोचशील. चाकणला उजव्या हाताला महाळुंग्याचा फाटा लागतो. तिकडे बघू नकोस, किंवा बघ. अण्णा तुला ओळखणार नाहीत. 'कुठल्या डिपार्टमेंटचा?' विचारतील. काहीही सांग. रविवारी सकाळी किल्ली तुझ्याकडे राहील आणि मी घरात नसेन. कुठे जाईन ते अजून ठरवलेलं नाही. एक दिवस दे. नंतरचं आपण दोघं मिळून ठरवू. अण्णांना कुठे ठेवायचं असेल तर तेही.

फोन करू नकोस. फोनवर मी 'ठीक आहे' म्हणेन आणि तू ते खरं धरशील. तुला ते खरं धरायला आवडेल. मलाही.

आजपर्यंत हे मला एकटीला माहीत होतं. आता तुलाही आहे. शनिवारी तू आला नाहीस, तर पत्र पोचलं नसेल असं मी समजणार नाही.

भाग्यश्री